डाग आणि दवणा

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला जाणाऱ्या एस.टी.त तुमच्या शेजारी सत्तरीतले एखादे आजोबा बसले, तर त्यांच्या मनगटाकडे जरा निरखून पहा. मनगटाच्या आतल्या बाजूस किंवा दंडावर वाटाण्याएवढा, गुळगुळीत, कातडीपेक्षा थोडा फिकट असा एक वण बहुधा सापडेल. विचारलेत तर ते सांगतील, "कावीळ झाली होती, तवा डाग दिलाय." कुणाच्या टाचेवर असतो, कुणाच्या गुडघ्याशी, कुणाच्या पोटावर. आमच्याकडे लाल कंधारी आणि देवणी बैलांच्या खांद्यावरही डाग दिसतात. माणूस आणि जनावर यांच्यात आपल्या लोकांनी या बाबतीत फारसा भेद केलेला नाही.

मी इतिहास शिकवतो, वैद्यक नव्हे. पण माझ्याही डाव्या मनगटावर असा एक वण आहे. मी दुसरीत असताना डोळे पिवळे झाले आणि आजीने चुलीत सळई तापवून तो दिला. चटका क्षणाचा, रडणे तासाभराचे. तीन आठवड्यांनी कावीळ उतरली. आजीच्या नावाचा गावात बोलबाला झाला. पुढे कळले, की दूषित पाण्यातून लहान मुलांना होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. म्हणजे श्रेय माझ्या शरीराचे, आणि नाव झाले सळईचे. तरी माझे मन एवढ्यावर थांबेना. आगीने रोग बरा करावा ही कल्पना एका औशाजवळच्या खेड्यातली, की तिला काही मोठा इतिहास आहे? शोध घेत गेलो तो थेट चीनपर्यंत जाऊन पोचलो.

चिनी लोक आपल्या उपचाराला 'झेनज्यू' म्हणतात. शब्द जोड आहे. 'झेन' म्हणजे सुई, आणि 'ज्यू' म्हणजे जाळून दिलेला शेक. बाहेरच्या जगाने सुई तेवढी उचलली, तिला अॅक्युपंक्चर म्हटले, आणि जोडीदार बाजूला पडला. या जोडीदाराचे जगात रूढ झालेले नाव 'मोक्सा'. हा शब्द मुळात जपानी. 'मोगुसा' या शब्दावरून आलेला. सतराव्या शतकात जावा बेटावरच्या बटाविया गावी बुशॉफ नावाचा एक डच धर्मोपदेशक संधिवाताने पाय धरून बसला होता. तिथल्या एका आशियाई वैदू बाईने त्याच्या पायावर हा शेक दिला, त्याला आराम पडला, आणि त्याने त्यावर पुस्तकच लिहिले. युरोपला मोक्सा कळला तो मुख्यतः त्या पुस्तकातून.

हा शेक ज्या झाडाचा, त्याचे चिनी नाव 'आय'. आपल्या कानाला ते 'आई'सारखेच ऐकू येते. झाड मात्र आपल्या अगदी ओळखीच्या घरातले आहे. चैत्रात जोतिबाला जो दवणा वाहतात, त्या दवण्याचेच हे भावंड. वनस्पतिशास्त्रात दोघांचे कूळ एक, आर्टेमिसिया. दवण्याला वासासाठी मान, 'आय'ला पानाखालच्या लवेसाठी. त्याच्या पानाची खालची बाजू पांढरट, मऊ, लोकरीसारखी असते. चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या पंचमीस त्यांचा नावांच्या शर्यतीचा सण येतो, त्या सुमारास ही पाने खुडतात, वाळवतात, कुटतात आणि चाळतात. काड्या-कचरा गेला की हातात राहतो तो पिंजलेल्या कापसासारखा पुंजका. तो भडकत नाही. उदबत्तीसारखा धुमसत, सावकाश, एकसारखा जळतो. सारी मेख या सावकाशीत आहे. पुंजका जितका जुना तितका चांगला मानतात. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला तत्त्वज्ञ मेन्शियस यानेही सात वर्षांच्या दुखण्याला तीन वर्षे मुरलेला 'आय' शोधणाऱ्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. त्याच्या ऐकणाऱ्यांना तो समजला, म्हणजे तेव्हाही ही गोष्ट घरोघर ठाऊक होती.

हा शेक देतात कसा? जुनी रीत अशी, की गव्हाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून मोठी पुंजक्याची शंकू करून ती थेट कातडीवर ठेवायची आणि पेटवायची. फोड येई, पू होई, वण राही. दम्यासारख्या जुनाट दुखण्यात मुद्दाम वण पाडीत. दुसरी रीत मवाळ. कातडी आणि शंकू यांच्यामध्ये आल्याची किंवा लसणाची चकती ठेवतात. बेंबीवर द्यायचा तर बेंबी मिठाने भरून घेतात. तिसरी रीत आज सर्वांत जास्त चालते. पुंजका कागदात गुंडाळून विडीसारखी, पण अंगठ्याएवढी जाड कांडी करतात, तिचे टोक पेटवून कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर धरतात, आणि कातडी गुलाबी होईपर्यंत, दहा-पंधरा मिनिटे, शेकतात. काही वैद्य टोचलेल्या सुईच्या मुठीवरच पुंजका जाळतात, म्हणजे ऊब सुईवाटे आत जाते.

चिनी वैद्य हा शेक मुख्यतः थंडीने वाढणाऱ्या दुखण्यांत देतात. गार हवेत कळ मारणारे सांधे, जुनाट जुलाब, पोटातली थंड कळ, मासिक पाळीतले दुखणे. गुडघ्याच्या खाली नडगीच्या बाहेरच्या अंगास 'त्सूसानली' नावाची त्यांची एक प्रसिद्ध जागा आहे. थकवा आणि पोटाच्या तक्रारी यांसाठी तिथे शेकतात. जपानचा कवी बाशो १६८९ साली लांबच्या पायी प्रवासास निघाला, तेव्हा त्याने याच जागी मोक्सा जाळून घेतल्याचे स्वतः नोंदवले आहे. आपला वारकरी पंढरीची वाट धरण्याआधी पायांना तेल चोळतो, तसेच हे.

आणखी एक उपयोग ऐकून आपणांस नवल वाटेल. बाळ पोटात पायाळू असेल, तर बाईच्या पायाच्या करंगळीच्या नखाशेजारी ही कांडी धरतात, म्हणजे बाळ फिरते, अशी त्यांची समजूत. ही समजूत तपासली गेली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चीनमधल्या २६० पहिलटकरणींचे दोन सारखे गट केले. शेक दिलेल्या १३० बायकांपैकी ९८ जणींचे बाळ पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत डोक्याकडून आले. शेक न दिलेल्या १३० पैकी ६२ जणींचे. पुढे इटलीत असाच प्रयोग केला तेव्हा फायदा दिसला नाही. त्यानंतरच्या सगळ्या पाहण्या एकत्र तोलून पाहणाऱ्यांचे मत आज असे आहे, की नेहमीच्या देखरेखीच्या जोडीला हा शेक दिल्याने थोडा उपयोग बहुधा होत असावा. बाकीच्या दुखण्यांबाबत पुरावा याहून कच्चा आहे. उबेने कळ कमी होते हे तर आपली प्रत्येक आजी जाणते. 'आय'ची ऊब विटेच्या उबेपेक्षा किती वेगळी, हे ठामपणे सांगणे अवघड.

पण मला या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती आग नव्हे, कागद. चीनच्या छांगशा शहराजवळ मावांगतुई येथे १९७३ साली एक थडगे उघडले. ते ख्रिस्तपूर्व १६८ मध्ये बंद झालेले होते. आत रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे लेख निघाले, आणि त्यांतल्या शरीरातील वाहिन्यांविषयीच्या लेखांत शेक आहे, सुई नाही. म्हणजे या जोडीत शेकच थोरला दिसतो. चौथ्या शतकात गे हुंग नावाच्या पंडिताने अडीअडचणीच्या उपचारांचे एक छोटे पुस्तक लिहिले. बाहीत ठेवून नेता यावे एवढे. गरिबाला सुई टोचणारा वैद्य परवडत नाही, झाडपाला मात्र कुंपणाला मिळतो, म्हणून त्याने शेकाच्या कृती त्यात सविस्तर दिल्या. आठव्या शतकातल्या वांग ताओ याने तर सुई घातक म्हणून आपल्या ग्रंथातून तिला वगळले आणि शेक तेवढा ठेवला.

गे हुंगच्या त्याच पुस्तकात हिवतापावर दुसऱ्या एका दवण्याच्या, म्हणजे त्याच कुळातल्या वनस्पतीच्या रसाची कृती आहे. ती उकळायची नाही, पाण्यात भिजवून पिळायची. सोळाशे वर्षांनी तू यूयू या चिनी संशोधिकेने ती ओळ वाचली, औषध उष्णतेने बिघडत असावे हे तिच्या ध्यानी आले, आणि तिने कमी उष्णतेत अर्क काढला. त्यातून निघालेल्या आर्टेमिसिनिनने जगात लाखो जीव वाचले. तिला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कुणीतरी बारकाईने लिहून ठेवले होते, म्हणून कुणीतरी ते तपासू शकले.

चीनमध्येही या विद्येचे दिवस सदा सारखे नव्हते. १८२२ साली बादशहाच्या हुकुमाने राजवैद्यांच्या शाळेतून सुई आणि शेक दोन्ही हद्दपार झाले. मग ते खेड्यांत, देवळांत, गरिबांच्या ओट्यावर राहिले. १९५१ मध्ये झू ल्यान या डॉक्टरबाईने या विद्येवर नव्या पद्धतीचे पुस्तक लिहिले, १९५६ मध्ये सरकारने जुन्या वैद्यकाची चार महाविद्यालये काढली, आणि २०१० साली युनेस्कोने झेनज्यूला मानवजातीच्या वारशात जागा दिली.

आपल्याकडे ही विद्या आली त्या वाटेवर आपलाच एक शेजारी उभा आहे. औशाहून तुळजापूर ओलांडले की सोलापूर. तिथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून बोटीने चीनला गेले. काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस, नागपूरचे चोळकर, अलाहाबादचे अटल आणि कलकत्त्याचे मुखर्जी व बसू. कोटणीस शस्त्रक्रियेचे डॉक्टर. जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बिजय कुमार बसू परत आले, १९५८ साली पुन्हा चीनला जाऊन झेनज्यू शिकले, आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केले. महाराष्ट्राने अॅक्युपंक्चर उपचारासाठी कायदा केला तो २०१५ चा.

आता घरी परत येऊ. आपला डाग चीनवरून आला काय? तसे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'अग्निकर्म' या नावाने एक सबंध अध्याय आहे, सूत्रस्थानातला बारावा. औषधाने, शस्त्राने आणि क्षाराने जे बरे होत नाही ते अग्नीने होते, असा त्यात दावा आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. कशाने डागावे? कातडीपुरते असेल तर पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात, बाणाचे टोक किंवा सळई. मांसापर्यंत जायचे तर धातूचे जांभळाच्या आकाराचे साधन. सांधे, शिरा, हाडे यांच्यासाठी तापवलेला मध, गूळ, तूप-तेल. प्रत्येकाची ऊब निराळी, म्हणून प्रत्येकाची जागा निराळी. डागाचे आकार चार: कडे, ठिपका, रेघ आणि घासून दिलेला. भाजण्याच्या पायऱ्याही चार सांगितल्या आहेत, आणि त्यांतली एकच बरोबर मानली आहे. आधी रोग्याला काय खायला द्यावे, नंतर मध-तूप लावावे, शरद आणि ग्रीष्म हे ऋतू टाळावेत. मराठवाड्याचा मे आणि ऑक्टोबर ज्याने सोसला आहे त्याला यामागचे कारण सांगायला नको.

शेवटी कोणाला डागू नये याची यादी. पित्तप्रकृतीचा माणूस, आत रक्तस्राव असलेला, दुर्बळ, म्हातारा, भित्रा, अंगावर बऱ्याच जखमा असलेला, ज्याला घाम काढण्याचा उपचारही वर्ज्य आहे तो. आणि बाल. लहान मूल. हा शब्द त्या यादीत स्पष्ट आहे. शिवाय कावीळ हा तर आयुर्वेदाने पित्ताचा रोग मानला, आणि घाम काढण्याचा उपचार कोणाला देऊ नये ते सांगताना चरकाने कावीळवाल्याला त्यात घातले आहे. मी दुसरीतला, काविळीचा. म्हणजे माझ्या मनगटावरचा डाग आमच्याच शास्त्राप्रमाणे दोनदा चुकला.

आयुर्वेद महाविद्यालयांच्या शल्यतंत्र विभागांत आजही अग्निकर्म होते. टाचेचे दुखणे, आखडलेला खांदा, पायाचे कुरूप यांसाठी सळई तापवतात, टेकवतात, चटकन उचलतात, आणि सारे कागदावर नोंदवतात. खेड्यात मात्र ग्रंथ गेला आणि सळई उरली. का गेला, याचा विचार करताना मला कोणाला दोष द्यावासा वाटत नाही. संस्कृत ग्रंथ ज्यांच्या घरी होते त्यांनी तो चुलीपाशी बसणाऱ्या बाईला कधी वाचून दाखवला नाही. चुलीपाशी बसणारी बाई जे शिकली ते तिने कुणाला लिहून दिले नाही, कारण तिला लिहिता येत नव्हते. मधे जी जागा रिकामी राहिली तिथे काहीही शिरले. टाचेला चालणारा बिब्ब्याचा चटका पोटालाही चालेल, बैलाला मानवतो तो लेकराला मानवेल, असे होत गेले. मेळघाटात लेकरांच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग देतात, त्याला 'डम्मा' म्हणतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली तापलेली वस्तू अंगाला लावणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हाच ठरला आहे.

माझ्या वडिलांच्या पाठची एक बहीण होती. १९७२ च्या दुष्काळाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. आठ महिन्यांची असताना तिला डबा झाला. डबा म्हणजे काय ते आपल्या बायाबापड्यांना सांगावे लागत नाही: ताप, धाप, दर श्वासाला बरगड्यांखाली पडणारा खळगा. डॉक्टर त्याला न्यूमोनिया म्हणतात. आजीने तिच्या पोटावर पाच डाग दिले. पहिल्या दिवशी लेकरू रडले म्हणून बरे वाटले, अंगात जीव आहे असे वाटले. दुसऱ्या दिवशी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली, ती औशापर्यंत पोचायच्या आत काम संपले.

हे आजीने मला सांगितले ते मी कॉलेजात शिकवू लागल्यावर, एकदाच. त्यानंतर तिने श्वासाच्या दुखण्याला आणि अंगावर पिणाऱ्या लेकराला कधीच डाग दिला नाही. मला दुसरीत दिला, कारण तिच्या हिशेबी मी तेव्हा मोठा होतो. मोठ्या माणसांच्या टाचा, गुडघे ती शेवटपर्यंत शेकत राहिली, आणि लोकांना आराम पडे हेही खरे. शेजारची सून एकदा तान्हे घेऊन दारात आली, तेव्हा मी तिथे होतो. आजी सळईला हात न लावता म्हणाली, "माय, हे माझं काम न्हाई. दवाखान्यात ने, आत्ताच ने." सुश्रुताने लिहिलेला एक नियम या बाईने आपल्या लेकीच्या मोलाने पुन्हा शोधून काढला होता. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघीतिघींना तो ठाऊक होता की नाही, कुणास ठाऊक. मी कधी विचारले नाही, आणि आता त्याही नाहीत.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपल्या गावात डाग देणारे जे म्हातारे-म्हाताऱ्या उरले आहेत, त्यांच्यापाशी मुलांना वही घेऊन बसवा. काय दुखले तर कुठे, कशाने, किती वेळ, आणि कुणाला देत नाहीत, एवढे विचारायला सांगा. शेवटचा प्रश्न विसरू देऊ नका.

आणि ज्यांच्या घरात लहान लेकरू आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. लेकरू शांत असताना, झोपेत असले तर उत्तम, घड्याळ समोर धरून पुरे एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतले असेल आणि मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांचे असेल आणि पन्नास किंवा अधिक, वर्षापुढचे पाच वर्षांपर्यंतचे असेल आणि चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर लेकरू त्याच दिवशी दवाखान्यात गेले पाहिजे. बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा ते पीत नसेल, तर मोजायलाही थांबू नका, १०८ नंबरला फोन करा. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे तळपाय-तळहात पिवळे दिसू लागले तर त्यालाही दवाखान्यातच न्यायचे. तिथे त्याला निळसर उजेडाखाली ठेवतात आणि पिवळेपणा उतरतो. उजेडाने कावीळ उतरते हे इंग्लंडमधल्या एका परिचारिकेच्या नजरेस प्रथम आले. ती बाळांना उन्हात नेत असे. तिने पाहिलेले डॉक्टरांनी ऐकून घेतले, तपासले, आणि १९५८ साली छापले.